लोकरीचा बोगदा

१

स्पीकरला दोन तोंडं असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण पुढच्या तोंडासमोर बसून गाणं ऐकतो. पण त्यातला शंकू जसा पुढे सरकतो तसाच मागेही सरकतो, आणि जेवढा आवाज खोलीत येतो तेवढाच पाठीमागे त्याच्या लाकडी पेटीच्या पोटात जातो. हा मागचा आवाज आमच्या धंद्याचा वैरी. तो आत आपटतो, उलटा फिरतो आणि पुढच्या गाण्यात चिखल कालवतो. त्याला कसं मारायचं यात माझ्या भावाने, हेडली सग्डनने, आयुष्याची चांगली वर्षं घातली.

उत्तर इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला कालव्याकाठी लोकर निवडायचं एक जुनं कोठार आहे. लोकरीचा धंदा बसला तेव्हा त्याचा वरचा मजला आम्हाला स्वस्तात भाड्याने मिळाला. तिथे हेडली पेट्या बांधायचा आणि मी, त्याची धाकटी बहीण थर्झा, त्या मोजायचे. पूर्वी मी रेडिओच्या कारखान्यात चाचणी खात्यात होते. हेडलीचा भरवसा कानावर, माझा मीटरच्या काट्यावर. आमची भांडणं याच्यावरून व्हायची, आणि एखादं भांडण झाल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

त्याची नवी पेटी माझ्या छातीला लागेल एवढी उंच होती. तिच्या पोटात लाकडाचा एक बोगदा होता. घड्या घातलेला, निमुळता होत गेलेला आणि शेवटी बंद. त्यात लांब केसांची लोकर पिंजून भरलेली. लोकर भरायची युक्ती आमच्या दरीत अनेकांना ठाऊक होती. वळणं मात्र हेडलीची होती. ती कशी काढली असं विचारलं तर म्हणायचा, "हाताला सुचली."

मागचा आवाज त्या बोगद्यात शिरायचा आणि परत यायचा नाही. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

रोज सकाळी मी किटली ठेवायच्या आधी बटण दाबायची. पेटीतून 'टक्' असा आवाज निघायचा, समोरचा मायक्रोफोन तो टिपायचा आणि ऑसिलोस्कोपवरच्या हिरव्या रेघेला एक टोक यायचं. कुठल्याही दुसऱ्या पेटीत त्या टोकामागून बारीकसारीक लाटा येतात. आमच्या रेघेत काहीच यायचं नाही.

"बघ कशी गाढ झोपलीय," हेडली म्हणायचा.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी बटण दाबलं, टोक आलं, रेघ झोपली. मी किटलीकडे वळले. आणि माझ्या पाठीमागे 'टक्' झालं.

मला वाटलं, हेडलीने जीभ वाजवली. पण हेडली खाली अंगणात होता. लाकूडवाल्याशी घासाघीस करतानाचा त्याचा आवाज खिडकीतून वर येत होता.

२

कारणं शोधायला मला आवडतं. सैल तार असेल, छपरावर कबूतर असेल, थंडीने एखादी तुळई कुरकुरली असेल. मी तारा बदलल्या. बाहेर जाऊन छप्पर बघून आले. पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी वळले नाही.

रेघ सपाट झाली, सपाट राहिली, आणि मग, एक उसासा टाकावा एवढ्या वेळाने, तिला एक छोटं टोक आलं.

आवाजाचा वेग ठरलेला असतो. प्रतिध्वनी किती उशिरा आला यावरून भिंत किती लांब आहे ते सांगता येतं. शाळेतलं पोरही सांगेल. मी हिशेब केला. बोगद्याच्या टोकाची भिंत कालव्यापलीकडच्या गिरणीच्या चिमणीपाशी असायला हवी होती. पेटी मात्र माझ्या छातीएवढी.

"पाइपातलं पाणी," हेडली म्हणाला.

"पाणी बटण दाबल्यावरच बोलतं का?"

"थर्झा, आज लीड्सला जायचंय. त्या माणसासमोर हे काढू नकोस. पाया पडतो."

तो माणूस म्हणजे फॉथ्रॉप, आमचा पेटंट वकील. हेडलीच्या दोन कल्पना आधी मोठ्या कंपन्यांनी ऐकून घेतल्या होत्या. चहा पाजला, 'कळवतो' म्हणाले, आणि पुढच्या प्रदर्शनात त्याच वस्तू त्यांच्या नावाने मांडल्या. तेव्हा पेटंट नव्हतं. या वेळी हेडलीने गेल्या वसंतातच कच्चा मसुदा दाखल करून ठेवला होता. तो स्वस्तात झाला. पक्का मसुदा वर्षाच्या आत द्यायचा होता.

"पेटंट म्हणजे कुलूप नव्हे, मिस्टर सग्डन," फॉथ्रॉप चष्मा पुसत म्हणाला. "कुलूप विकत घेण्याचा परवाना आहे. चोर आला तर कोर्टात जायचे पैसे वेगळे. आणि हे सगळं फक्त आपल्या देशापुरतं. अमेरिकेत वेगळा अर्ज, जर्मनीत वेगळा, जपानात वेगळा. प्रत्येक ठिकाणी वकील, भाषांतर. वर ते जिवंत ठेवायचं तर वर्षानुवर्षं फी भरायची."

"पोरं पोसल्यासारखं," हेडली म्हणाला.

"पोरं मोठी होऊन कधीतरी कमावतात."

मग त्याने आराखडा पुढे ओढला. "मला एक सांगा. हा मागचा आवाज जातो कुठे?"

"लोकरीत."

"सगळा?" हे त्याने मला विचारलं.

"लोकर थोडा खाते, त्याची ऊब होते," मी म्हणाले. "पण मोजायला गेलं तर निम्म्याचाही हिशेब लागत नाही."

"परत येत नाही ना? मग झालं तर!" हेडली मध्येच बोलला.

"परीक्षकाला तेवढं पुरणार नाही. पेटंट हा सौदा आहे. आत काय होतं ते तुम्ही जगाला उघड करून सांगायचं, मग सरकार काही वर्षं ते तुमचं म्हणणार. आत काय होतं हेच तुम्हाला माहीत नसेल, तर मी लिहू काय?"

परतताना बसमध्ये हेडली काचेवर बोटं वाजवत होता. डल्सीच्या वडिलांनी ठेवलेलं घर गहाण टाकायचं, असं त्याने मला हॅलिफॅक्स यायच्या आधी सांगितलं. डल्सी म्हणजे त्याची बायको. तिला अजून विचारलं नव्हतं.

३

त्या हिवाळ्यात कोळसा खाणकामगारांचं सरकारशी भांडण पेटलं होतं आणि सरकारने धंद्यांची वीज आठवड्यातून तीन दिवसांवर आणली होती. वीज असेल तेव्हा मोजमाप, नसेल तेव्हा कोट घालून खिडकीच्या उजेडात लाकूडकाम. मी एका जागी बसू शकत नव्हते. कालव्याच्या काठाने चालून यायची, हात धुवायची, पुन्हा त्या पेटीसमोर उभी राहायची.

टक् परत येत होता. वीज असलेल्या प्रत्येक दिवशी येत होता. आणि दर वेळी थोडा लवकर.

थंडीने असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग आठवलं, थंड हवेत आवाज हळू जातो, लवकर येत नाही. लोकर बसत असेल म्हटलं. पण लोकर बसल्याने भिंत जवळ येत नाही. कारणं संपत आली तशी मी मोजणं सोडलं नाही, फक्त आलेले आकडे कागदावर मांडायचं सोडलं. आलेख काढला असता तर रेघ पुढे वाढवून ती कुठे टेकते हे मला दिसलंच असतं.

चिमणी. मग कालवा. मग अंगण.

एकदा चहा पिता पिता मी हेडलीला विचारलं, "भिंत चालत येते का रे कधी?"

तो कानस चालवत होता. त्याने वर बघितलं नाही. "भिंत नाही येत," तो म्हणाला.

४

फेब्रुवारीत, वीज नसलेल्या दिवशीची ही गोष्ट.

स्पीकर उलटाही चालतो. विजेने शंकू हलतो आणि आवाज होतो, तसा शंकू कशाने हलला तर तारांत वीज येते. म्हणजे प्रत्येक स्पीकर हा एक कानसुद्धा असतो. त्या दिवशी मी पेटीच्या तारा सगळ्या यंत्रांपासून सोडवल्या होत्या आणि आतली तार कुठे तुटली नाही ना हे बघायला त्यांना एक साधा काट्याचा मीटर लावला होता. मग विसरून गेले.

दुपारी डल्सी डब्यात पार्किन, आमच्याकडचा आल्याचा केक, घेऊन आली. जिना चढून धापा टाकत, अंगावरचा बर्फ झटकत.

"तुम्ही दोघं इथे गोठून मराल आणि लोकांना वाटेल पुतळे केलेत," ती म्हणाली. "घे गं थर्झा, वाळलीस किती! हा तुला खायला देतो की नुसतं मोजायलाच लावतो?"

"तिला काटे बघूनच पोट भरतं," हेडली म्हणाला.

आम्ही खात होतो. खाताना कुणी बोललं नाही. तेव्हा मला मीटर दिसला. काटा हलत होता. थरथरत नव्हता, सावकाश एका बाजूला जायचा, थांबायचा, परत यायचा. झोपलेल्याची छाती वरखाली होते तसा.

"हेडली," मी म्हणाले.

काटा थांबला.

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तो पुन्हा निघाला. खोलीत आवाज नसताना हलत होता, आणि आवाज झाला की थबकत होता. कानाचं काम याच्या बरोब्बर उलटं असतं.

डल्सीला मीटरमधलं ओ की ठो कळत नाही. ती पार्किनचा तुकडा हातात धरून बघत राहिली. मग मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आज बेकरीत केवढी रांग होती!" काटा निश्चल. ती गप्प झाली. काटा हलला.

"कान देऊन ऐकतोय मेला," ती म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही. डबा तिथेच टाकून ती खाली उतरली.

५

मी हट्टच धरला, म्हणून हेडलीने दुसऱ्या दिवशी पेटीची कडेची फळी उघडली. स्क्रू काढताना त्याचे हात घाई करत होते, आणि मला ते आवडलं नाही.

बोगदा वळण घेत आत गेला होता. लोकर मी माझ्या हाताने पिंजून भरली होती, ढगासारखी. आता ती बसली होती. एका बाजूला नाही, खाली तळाशीही नाही. बोगद्याच्या मधोमध वाट पडावी तशी ती दबली होती, आणि तिचे केस सगळे एकाच दिशेला, शंकूकडे विंचरलेले होते. मी हात लावला. तेवढी पट्टी कोमट होती.

"उंदीर," मी म्हणाले. मला ते उंदीर हवे होते.

"बंद पेटीत?"

"मग तू सांग."

हेडली खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कित्येक दिवस काहीतरी लपवून थकलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"मला नाताळापासून माहीत आहे," तो म्हणाला. "तू घरी गेलीस की मी त्याच्याशी बोलतो."

"कोणाशी?"

"ते मला नाही माहीत. मी बोलतो, काय करतोय ते सांगतो. थर्झा, आजवर माझं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही. कंपन्यांनी ऐकलं ते लुबाडायला. तू ऐकतेस ती चूक काढायला."

"मी चुका काढते म्हणून तुझ्या पेट्या वाजतात!"

"ठाऊक आहे गं. तक्रार नाही करत."

मी त्याला म्हणाले की पेटंट करायचं नाही. पेटंट म्हणजे जगाला दिलेला नकाशा. उद्या घरोघर हा बोगदा जाईल आणि आत काय येतं हे आपल्याला माहीत नाही. तो म्हणाला, "काय येतं ते येऊ तर दे." मग आम्ही भांडलो, नेहमीसारखं नाही. खाली कालव्यावरचा माणूस नाव थांबवून वर बघत होता.

त्याने लोकर पुन्हा पिंजली आणि फळी लावली. सबंध वेळ तो पुटपुटत होता. मला वाटलं, माझ्यावर चिडून.

६

मार्चमध्ये फॉथ्रॉप स्वतः आला. डल्सीने गहाणखतावर सही केलेली नव्हती. वकिलाने समोर बसून सांगितलं तर करेल, अशी हेडलीची आशा. ती कोटाची बटणंसुद्धा न काढता दाराजवळ उभी होती. वीज होती. उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन आलं होतं.

हेडलीने पितळी वाद्यांच्या बँडची तबकडी लावली. मी ते कबूलच करते, तसं वाजताना मी कधी ऐकलं नव्हतं. वाजवणाऱ्यांचे श्वास ऐकू येत होते, खुर्च्या ऐकू येत होत्या. फॉथ्रॉपने टोपी मांडीवर उतरवून ठेवली.

"मिसेस सग्डन, खर्च फार आहे हे मी लपवत नाही," तबकडी संपल्यावर तो म्हणाला. "पण हे लोकांनी ऐकलं तर..."

"थर्झा, त्यांना रेघ दाखव," हेडली म्हणाला.

गेला आठवडाभर मी बटण दाबलं नव्हतं. त्याआधी शेवटचं दाबलं तेव्हा दोन टक् इतके चिकटून आले होते की एकच वाटावा. मी नाही म्हणू शकले असते. पण त्या क्षणी मलाही वाटलं की उजेडात, चार माणसांत, ते सरळ वागेल.

मी बटणाकडे हात नेला.

टक्.

माझं बोट बटणाला लागलं नव्हतं. ते हवेत होतं. सगळ्यांनी बघितलं. हिरव्या रेघेला टोक आलं, विझलं, आणि मी घाबरून हात खाली टाकला तो बटणावर पडला. दुसरं टोक आलं. माझं.

"पुन्हा करा," फॉथ्रॉप हलकेच म्हणाला, आणि मग लगेच, "नको."

शंकू पुढे आला होता. टक् झाल्यावर तो जागेवर जायला हवा. तो सावकाश, पाठीमागून कुणी तळहात टेकल्यासारखा पुढे आला, रबराची कड ताणली गेली, आणि तो तसाच राहिला. मी विजेची तार उपटली. तो तसाच राहिला.

हेडली गुडघ्यावर बसला. शंकूवर त्याने आपला हात ठेवला, हलक्या हाताने, आणि तो हसला. मग एक एक करून स्क्रू काढले आणि स्पीकर पेटीतून बाहेर उचलला.

पेटीला ताटलीएवढं गोल भोक उरलं. ऊन थेट आत पडलं. लोकर दिसली, पिवळसर, दाट. आणि आम्ही बघत असताना ती लोकर आत गेली. खाली घसरली नाही. थंडीत उजेड तोंडावर आला की माणूस झोपेत पांघरूण ओढून घेतो, तशी कुणीतरी ती पलीकडून मुठीने ओढून घेतली.

डल्सी जिना उतरल्याचं मला ऐकू आलं. फॉथ्रॉप उभा राहिला. टोपी घालायला त्याला वेळ लागला.

"मी हे लिहू शकणार नाही," तो म्हणाला. "मिस्टर सग्डन, माझी आजवरची फी राहू द्या. पण दुसऱ्या कुणाकडेही जाऊ नका. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

७

मुदत टळली. पक्का मसुदा गेला नाही तर कच्चा उघड होत नाही. तो सरकारी कपाटात पडून राहतो. मी मोकळा श्वास घेतला. पेटी मी करवतीने कापली, तेव्हा हेडलीने दुसरी बाजू धरली. काहीही कुरकुर न करता. लोकर अंगणात जाळली, तिचा जळक्या केसांचा वास दिवसभर राहिला. आत काही नव्हतं. बोगदा होता, बंद फळी होती, बस.

मी कोठारात जाणं सोडलं आणि शहरात दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्याकडे नोकरी धरली.

जुलैत हौशी लोकांच्या एका मासिकात हेडलीचा लेख आला. सगळी मापं, सगळी वळणं, लोकर किती आणि कशी पिंजायची ते. ज्याला हवं त्याने घरी बांधावं. आता ही कल्पना उघड झाली असल्याने कुणालाच तिचं पेटंट मिळणार नाही, असं शेवटी अभिमानाने लिहिलं होतं.

मी तशीच त्याच्या घरी गेले. तो परसात वाटाणे तोडत होता.

"पैसे नव्हते," तो म्हणाला. "ज्याच्याकडे पेटंटाला पैसे नसतात त्याने छापून टाकावं. मग निदान चोरी तरी होत नाही."

"हेडली, तू आत बघितलंस. तू बघितलंस ना?"

"बघितलं म्हणून तर." त्याने शेंग सोलली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "एका पेटीत त्याला फार अडचण होत होती."

मी ते दाणे जमिनीवर टाकले. त्यानंतर आमचं बोलणं राहिलं नाही.

८

मासिकात हेडली आणि डल्सीच्या घरचा फोन नंबर छापला होता. देशभरातून माणसं विचारायची, अमुक गोंद चालेल का, लोकर कुठे मिळेल. डल्सी कावली. शनिवारी तिला बाजार असायचा आणि हेडली कोठारात असायचा, तेव्हा मी जाऊन फोन घ्यायची. जमेल तितक्यांना सांगायची की बांधू नका, आराखडा चुकलाय. कुणी ऐकायचं नाही.

ऑक्टोबरात कॉर्नवॉलहून ट्रेविन नावाच्या माणसाचा फोन आला. आनंदी आवाज, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"अप्रतिम पेट्या आहेत, बाई! दोन बांधल्या. स्टीरिओ ना, दोन तर लागतातच."

आम्ही कधी दोन बांधल्या नव्हत्या. चाचणीला एक पुरायची.

"एक बारीक शंका होती. उजवीकडची पेटी कुठलं तरी स्टेशन पकडते. तारा काढल्या तरी. एक माणूस दिवसभर बोलत असतो. तुमच्या बाजूचाच वाटतो बोलण्यावरून. आज काय केलं, कुठली फळी कापली, असलंच काही. शांत, बरा माणूस आहे. माझ्या बायकोला तर सवयच झालीय त्याची."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आधी नुसता तोच बोलायचा," ट्रेविन म्हणाला. "या आठवड्यापासून ती उत्तर द्यायला लागलीय."

"ती कोण?"

तो हसला. "काय बाई थट्टा करता! मघापासून ओळखतोय मी. तुमचाच आवाज आहे."

"मी त्याच्याशी जुलैपासून बोललेले नाही."

कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत राहिलं. मग तो जरा हळू म्हणाला, "मग आत्ता त्याला आत कोण बोलावतंय?"

मी धावले. डल्सीच्या घरापासून कोठार उताराला आहे, आणि शनिवारची गर्दी. कुणाला तरी धक्का लागला, कुणाची तरी पिशवी सांडली. कोठाराचा जिना मी हातापायांनी चढले.

वर नवी पेटी होती. कपाटाहून उंच, भिंतभर. कडेची फळी काढलेली. हेडली जमिनीवर पालथा होता आणि कमरेपर्यंत आत गेला होता. त्याचे बूट तेवढे उन्हात होते. आणि आतून, लोकरीच्या पलीकडून, दबका, मायेचा, माझाच आवाज येत होता. लहानपणी मी त्याला हेड म्हणायचे. शाळेत गेल्यावर सोडलं.

"ये ना रे, हेड. थोडंच राहिलंय. चुका नाही काढणार मी."

मी त्याचे घोटे धरले आणि किंचाळले. आतलं बोलणं थांबलं. ऐकत असल्यासारखं.

मी ओढलं. पलीकडून ओढ होती. किती होती, ती खरोखर होती की त्याच्याच हातांनी आत काही धरलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मग तो सुटला आणि आम्ही दोघं मागे कोसळलो. त्याच्या खांद्यांवर, केसांत, भुवयांवर लोकर होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मग पेटीकडे. पुन्हा माझ्याकडे. हरवलेलं मूल दोन अनोळखी बायकांकडे बघतं तसं.

"यातली कुठली?" त्याने विचारलं.

ती पेटी डल्सीने आणि मी त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत फोडली. हेडली बरा आहे. घरी असतो, परसात भाजी लावतो, पेट्या बांधत नाही. मासिकाचा तो अंक लोक अजून मागवतात. ट्रेविनला मी पुष्कळदा फोन लावला. तिकडून कुणी उचलत नाही.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाते. आमचं भांडणही होतं, पूर्वीसारखं. पण मी हाक मारली की हेडली लगेच ओ देत नाही. तो आधी माझ्या ओठांकडे बघतो.